बदलापूर: नदी, रूळ आणि 2011 चा आकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बदलापूर भौगोलिकदृष्ट्या कसं वसलंय, आज तिथे खरोखर किती लोक राहतात, पालिकेचा कारभार नक्की कोणाच्या हातात आहे, आणि एवढी वस्ती असून महानगरपालिका का होत नाही? चारही उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकत्रच देतो.

आधी नाव. कागदोपत्री हे शहर "कुळगाव-बदलापूर नगरपरिषद" आहे. स्टेशनचं नाव बदलापूर, पण स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की पाय पडतो तो कुळगावात. मूळचं बदलापूर गाव पश्चिमेला, नदीच्या बाजूला. त्याशिवाय कात्रप, बेलवली, मांजर्ली, हेंद्रेपाडा, शिरगाव, खरवई, जुवेली, वालिवली, सोनिवली अशी गावं-पाडे एकत्र येऊन ही नगरपरिषद झाली. आज ती मोहल्ल्यांची नावं वाटतात, पण जमिनीचा सातबारा काढायला गेलात की प्रत्येक गाव पुन्हा वेगळं होतं. घर घेताना "बदलापूर पूर्व" एवढ्यावर थांबू नये, ते याचसाठी. महसुली गाव आणि सर्व्हे नंबर विचारायचा.

आता "पूर्व" आणि "पश्चिम". नवखा माणूस इथे हमखास फसतो. कल्याण सोडल्यावर कर्जतचा मार्ग आग्नेयेकडे वळतो, पण उपनगरी रेल्वेची बोली वळत नाही. मुंबईहून येताना डाव्या हाताला पडतं ते पश्चिम, उजव्या हाताला ते पूर्व. परिणाम असा की नकाशा उत्तरेला धरून पाहिला तर बदलापूर पश्चिम प्रत्यक्षात रुळांच्या ईशान्येला आहे आणि बदलापूर पूर्व नैर्ऋत्येला. अंबरनाथलाही तेच, शिवमंदिर "पूर्वेला" म्हणतात, ते आहे स्टेशनच्या नैर्ऋत्येस. ही गंमत म्हणून सोडून देऊ नका. उल्हास नदी रुळांच्या ईशान्येने वाहते, म्हणजे ती "पश्चिमेला" आहे. पुराचा धोका कोणत्या भागाला, याचं उत्तर दिशांवरून काढायला गेलात तर चुकेल. रुळांची कोणती बाजू, हे पाहा. पश्चिमेला नदी, तिच्यावरचं बॅरेज (पाणी अडवणारा बंधारा) आणि बारवी धरणाकडे जाणारा रस्ता. पूर्वेला कुळगाव, कात्रप, काटई-कर्जत रस्ता आणि त्यापलीकडे चंदेरीकडच्या डोंगररांगा.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर 68 किलोमीटर, कल्याणपासून साधारण 14. लोकलने दीड तासाच्या आसपास. रेल्वे इथून 1856 मध्ये गेली, पण शहर वाढलं ते गेल्या तीस-पस्तीस वर्षांत. कारण सरळ आहे: डोंबिवली महाग झाली की माणूस पुढच्या स्टेशनवर घर शोधतो, आणि कल्याणनंतर या बाजूला मोकळी सपाट जमीन उल्हासच्या खोऱ्यातच होती. मुंबईतून, ठाण्यातून, डोंबिवलीतून मराठी मध्यमवर्ग इथे मोठ्या प्रमाणावर सरकला. मूळचे आगरी, कुणबी आणि कातकरी-ठाकूर पाडे त्याआधीपासूनचे. स्थानिक राजकारणात "भूमिपुत्र" हा शब्द वारंवार ऐकू येतो तो याच जोडणीमुळे: मतदार बहुतेक बाहेरून आलेला, तर पुढारी बऱ्याचदा मूळ गावांतल्या घराण्यांतला.

रूळ शहराचे दोन तुकडे करतात. दोन्ही बाजू जोडायला मुख्य उड्डाणपूल, आणि बेलवलीचा भुयारी मार्ग, ज्यात जोराच्या पावसात पाणी भरतं. पूर्वेची शाळा, पश्चिमेचा दवाखाना, पूर्वेचा बाजार, पश्चिमेची सोसायटी अशी रोजची ये-जा या दोन-तीन चिंचोळ्या गळ्यांतून होते. त्यामुळे पालिकेच्या प्रचारात पूल हा विषय कधी जुना होत नाही. रेल्वेच्या बाजूने कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका एमयूटीपी-3अ या मुंबई उपनगरी रेल्वेच्या विस्तार योजनेत मंजूर आहे. ती पुरी होईपर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल एकाच जोडमार्गावर धावणार, आणि सकाळी कर्जत-खोपोलीहून आलेली लोकल बदलापूरला भरलेलीच येणार.

नदीवर थोडं जास्त लिहायला हवं, कारण बदलापुरातल्या जमिनीचे भाव, बांधकाम परवानग्या आणि दर जुलैची झोप, तिन्ही तिच्यावर ठरतं.

उल्हास लोणावळ्याच्या बाजूला राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते. उन्हाळ्यातही ती वाहते, याचं श्रेय मोठ्या प्रमाणावर भिवपुरीच्या टाटा वीजघराला. आंध्रा तलावाचं पाणी घाटाखाली वीज तयार करून नदीत सुटतं आणि तेच पुढे बदलापूरच्या बॅरेजवर उचललं जातं. म्हणजे बदलापूरचं पाणी घाटमाथ्यावरच्या एका तलावाशी बांधलेलं आहे. वीजघरातून पाणी कमी सुटलं की बॅरेजची पातळी खाली जाते.

पावसाळ्यात उलट. बदलापुरात पूर येतो तो बदलापुरातल्या पावसाने कमी आणि कर्जत, माथेरान, खंडाळा पट्ट्यातल्या पावसाने जास्त. शहरात भुरभुर असताना नदी चढू शकते. भरती-ओहोटीचा इथे संबंध जोडणं चूक आहे. तो परिणाम खाली कल्याणच्या खाडीच्या बाजूला दिसतो. म्हणून नदीकाठी राहणाऱ्याने पाहायचं ते कर्जत आणि लोणावळ्याकडच्या पावसाचे आकडे आणि बदलापूरची नदीपातळी. इशारा पातळी 16.50 मीटर, धोका पातळी 17.50 मीटर. पातळी 16 च्या पुढे गेली आणि वर घाटात पाऊस चालूच असेल, तर गाडी तळघरातून किंवा स्टिल्टमधून (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमधून) काढायची वेळ तीच. 17.50 ची वाट पाहिली तर रस्ता उरत नाही.

26 जुलै 2005 चा पूर सगळ्यांना आठवतो. 27 जुलै 2019 चा प्रसंग देशभर दिसला: मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान चामटोलीजवळ पाण्यात अडकली आणि सुमारे 1,050 प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आणि गावकऱ्यांनी बाहेर काढलं. त्या दिवशी शहराच्या पश्चिम भागातही सोसायट्यांचे तळमजले पाण्यात होते. रेल्वेचा भराव अशा वेळी बांधासारखा वागतो; पाणी एका बाजूला थोपतं आणि मोऱ्या कमी पडतात.

यातून येते पूररेषा. नदीच्या काठापासून वर दोन रेषा आखतात. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीचा काठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे उद्यान, मैदान, शेती असे मोकळे वापर. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार तिथे बांधकाम होऊ शकतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर हवं. बदलापूर पश्चिमेच्या बऱ्याच जमिनी या रेषांच्या आत येतात. पूररेषा पुन्हा मोजा, ही मागणी जमीनमालक, विकासक आणि जुन्या इमारतींचे रहिवासी सतत करतात. त्यात स्वार्थ आहे हे उघड आहे, पण सगळा स्वार्थच आहे असं नाही. रेषा आखण्यापूर्वी परवानगीने उभी राहिलेली इमारत आता पुनर्विकासाला अडते, आणि तिच्यात राहणारा माणूस विकासक नसतो.

घर घेणाऱ्याने तपासायचं ते एवढं. सर्व्हे नंबर घेऊन नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा मागायचा. त्यावर पूररेषा दाखवली आहे का ते पाहायचं. मंजूर नकाशात जोत्याची पातळी मीटरमध्ये लिहिलेली असते, ती लाल रेषेच्या पातळीशी ताडून पाहायची. भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का, की फक्त बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र दाखवताहेत, हे स्पष्ट विचारायचं. लोक चुकतात ते इथे: महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंद ठेवणारं राज्याचं प्राधिकरण; तिथली नोंदणी म्हणजे सगळं ठीक, असं धरतात. महारेरा पुराची हमी देत नाही. तिच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे चढवलेले असतात, ते उघडून वाचणारे मात्र फार थोडे.

पाण्याबद्दल एक गैरसमज दूर करतो. बदलापुरात नळाचं पाणी नगरपरिषद देत नाही. बदलापूर आणि शेजारचं अंबरनाथ, दोन्हीकडे ते काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. घरपट्टी पालिकेला, पाणीपट्टी प्राधिकरणाला. तरी पाणी आलं नाही की मोर्चा पालिकेवर, आणि नगरसेवक प्राधिकरणाच्या अभियंत्याला फोन लावतो. नगरसेवकाला त्या अभियंत्याची बदली करता येत नाही, सभेत जाब विचारता येतो, एवढंच. नव्या इमारतीला नकाशा मंजूर करणारी संस्था एक आणि पाणी पुरवणारी दुसरी, म्हणून परवानग्यांचा वेग आणि पाण्याचा वेग जुळत नाहीत. कडेच्या संकुलांना वर्षानुवर्षं टँकर लागतो, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. पोलीसही पालिकेच्या हद्दीप्रमाणे चालत नाहीत: शहरातली बदलापूर पूर्व आणि पश्चिम ही ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयात, तर भोवतालची गावं ठाणे ग्रामीणकडे. वीज महावितरणची. उरलं काय? अंतर्गत रस्ते, गटारं, मलनिस्सारण, कचरा, दिवाबत्ती, अग्निशमन, बाजार, बांधकाम परवानगी, जन्म-मृत्यू नोंद आणि घरपट्टी. नगरपरिषदेकडे नेमकं एवढंच आहे, आणि भांडणंही यांतल्या तीन-चार गोष्टींवरच होतात: रस्त्यांचे ठेके, कचऱ्याचा ठेका, परवानग्या आणि आरक्षित भूखंड.

आता लोकसंख्या. 2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर सुमारे 98 हजारांवर होतं. 2011 मध्ये 1,74,226. दहा वर्षांत सुमारे 78 टक्के वाढ. तुलनेला अंबरनाथ घ्या: त्याच काळात 2 लाख 4 हजारांच्या आसपासवरून 2,53,475, म्हणजे 24 टक्के. अखंड ठाणे जिल्हा 36 टक्क्यांनी वाढला होता. बदलापूर जिल्ह्याच्या दुप्पट वेगाने धावत होतं, आणि त्यानंतर मोजणीच झालेली नाही. 2021 ची जनगणना पुढे गेली. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. त्यामुळे "आज बदलापूरची लोकसंख्या अमुक लाख" असं कोणी ठामपणे सांगितलं तर तो अंदाज आहे, कितीही मोठ्या व्यासपीठावरून सांगितला असला तरी.

अंदाज बांधायचाच असेल तर तीन वाटा आहेत आणि तिन्हींत खड्डे आहेत. पहिली घरपट्टीची: निवासी मालमत्तांची संख्या गुणिले साधारण 4 माणसं. खड्डा असा की गुंतवणूक म्हणून घेतलेले बंद फ्लॅट इथे भरपूर आहेत आणि तेही मोजले जातात. उलट अनधिकृत चाळींतली कित्येक घरं कर आकारणीतच नसतात. दुसरी मतदार यादीची: प्रौढांचा वाटा साधारण 70 ते 75 टक्के धरून मतदारसंख्येला भागायचं. खड्डा: गावाकडे नाव ठेवलेले लोक यादीत नाहीत, आणि घर बदलून गेलेल्यांची, दुबार झालेली नावं यादीत आहेत. तिसरी पाण्याच्या जोडण्यांची. पण मोठ्या सोसायटीला एकच जोडणी असते, म्हणून तिथे जोडण्या नव्हे, सदनिका मोजाव्या लागतात. तिन्ही आकडे शेजारी ठेवायचे. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांतला फरक पाव पटीहून मोठा निघाला, तर कुठला तरी मूळ आकडा चुकीचा घेतला आहे असं समजून पुन्हा मागे जायचं.

मोजणीचं हे पुराण का लावलं? कारण नगरपरिषदेचा आकार याच आकड्यावर ठरतो, आणि तो अजून 2011 चाच आहे.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 प्रमाणे 1 लाखावर लोकसंख्या असलेली नगरपरिषद "अ" वर्गात. तिच्या सदस्यसंख्येचं सूत्र सोपं आहे: पहिल्या लाखाला किमान ठरलेली संख्या, आणि त्यावर दर 8,000 लोकांमागे एक. 2015 मध्ये किमान संख्या 38 होती. बदलापूरचे लाखावरचे 74,226 भागिले 8,000, येतात पूर्ण 9. अडतीस अधिक नऊ, सत्तेचाळीस. तेव्हा सदस्य 47 च होते. नंतरच्या दुरुस्तीने किमान 40 झाली, म्हणून 2025 च्या निवडणुकीत 49. अंबरनाथला लावून पाहा: लाखावरचे 1,53,475, त्यात 8,000 पूर्ण 19 वेळा, 2015 मध्ये 57, आता 59. दहा वर्षांत माणसं वाढली किती ते देव जाणे, पण दोन्ही शहरांत जागा प्रत्येकी दोनच वाढल्या, आणि त्याही कायदा बदलला म्हणून.

प्रभाग कसे पडतात ते पाहिलं की गोम कळते. 1,74,226 भागिले 49, म्हणजे एका सदस्यामागे साधारण 3,556. दोन सदस्यांचा प्रभाग 7,111 चा. दहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणून 6,400 ते 7,822 च्या दरम्यान कुठेही. बदलापूरचे 24 प्रभाग पडले: 23 दोन सदस्यांचे आणि एक तीनचा, कारण 49 विषम आहे. आखणी उत्तरेकडून सुरू करायची, ईशान्य, पूर्व असं सरकत दक्षिणेला संपवायची. रस्ता, नाला, नदी, रूळ अशा नैसर्गिक सीमा धरायच्या. आणि वीट म्हणून वापरायचे जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे एकेका प्रगणकाला मोजायला दिलेले वस्तीचे तुकडे, जे फोडायचे नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, महिलांच्या 50 टक्के जागा सोडतीने.

या सगळ्यात चलाखीला जागा कुठे? दहा टक्क्यांच्या सवलतीत आणि सीमेवरच्या प्रगणक गटांत. एक गट इकडचा तिकडे केला की एखाद्या पुढाऱ्याची हक्काची चाळ शेजारच्या प्रभागात जाते. म्हणून प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली की नकाशा पाहून रागावण्यात अर्थ नाही. हरकत घ्यायची तर प्रगणक गट क्रमांक, त्याची 2011 ची लोकसंख्या आणि तोडलेली नैसर्गिक सीमा, एवढं लिहून मुदतीत द्यायचं. "आमच्यावर अन्याय झाला" अशा हरकती सुनावणीत एका मिनिटात निकाली निघतात. "गट क्रमांक अमुक नाला ओलांडून जोडला आहे" ही हरकत अधिकाऱ्याला लेखी खोडावी लागते.

आणि मोठी विसंगती ही: प्रभाग 2011 च्या डोक्यांवर पडतात, मतदार यादी मात्र चालू असते. कुळगावातल्या जुन्या भरलेल्या वस्तीचा प्रभाग आणि 2011 नंतर टॉवर उभे राहिलेला कडेचा प्रभाग कागदावर सारखेच 7,000 चे. मतदार मोजले तर दुसरा कितीतरी मोठा. तिथल्या मताची किंमत तेवढी कमी. पुन्हा रस्ता, गटार, दिवे यांची गरज तिथेच सर्वांत जास्त. नव्या संकुलातला माणूस "आमच्याकडे कोणी फिरकत नाही" म्हणतो, त्यात तथ्य आहे आणि त्याचं कारण गणिती आहे.

आता सत्ता. 2015 मध्ये 47 पैकी शिवसेना 24, भाजप 20, राष्ट्रवादी 2 आणि अपक्ष 1 असा निकाल लागला. 24 म्हणजे काठावरचं बहुमत. ती मुदत 2020 मध्ये संपली. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा खटला. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घ्या म्हटल्यावर डिसेंबर 2025 मध्ये मतदान झालं. मधली पाच वर्षांहून जास्त प्रशासकाची. ठराव करणारा आणि तो राबवणारा या काळात एकच, त्यामुळे कामांचा निर्णय शहरापेक्षा मंत्रालयाच्या बाजूला सरकला आणि त्याची सवय अजून गेलेली नाही.

नगराध्यक्ष कसा निवडायचा यावर राज्याने इतक्या वेळा मत बदललं आहे की सामान्य माणसाचा गोंधळ होणं साहजिक आहे: 2016 मध्ये थेट जनतेतून, 2020 मध्ये पुन्हा नगरसेवकांमधून, 2022 मध्ये परत थेट. आता मतदार तीन बटणं दाबतो, दोन नगरसेवकांसाठी आणि एक नगराध्यक्षासाठी. तीन सदस्यांच्या प्रभागात चार. थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बळ दुसऱ्याचं, असं होऊ शकतं. बदलापुरात नगराध्यक्षपद भाजपकडे गेलं. शेजारी अंबरनाथमध्ये तर नगराध्यक्ष भाजपच्या, पण 59 पैकी शिवसेनेचे 27, भाजपचे 14, काँग्रेसचे 12. मग जानेवारी 2026 मध्ये भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एकत्र आल्याची बातमी देशभर गाजली. दिल्लीत नवल वाटलं. नगरपालिकांचं राजकारण पाहणाऱ्याला त्यात फारसं नवल नाही. इथे चिन्ह बदलतं, माणूस आणि प्रभाग तोच राहतो. बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात खरी लढत गेली कित्येक वर्षं युतीतल्या दोन मित्रांमध्येच आहे.

नगराध्यक्ष सभेचा अध्यक्ष असतो. प्रशासन मुख्याधिकाऱ्याच्या हातात आणि त्याची नेमणूक राज्य सरकार करतं. कायद्याने दर दोन महिन्यांत किमान एक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. तिथला ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर जिल्हाधिकारी कलम 308 खाली तो स्थगित करू शकतो. हरलेल्या गटाचं हे आवडतं हत्यार. तातडीच्या नावाखाली नगराध्यक्षाने कलम 58(2) वापरून काम मंजूर करणं हे जिंकलेल्या गटाचं. स्थानिक बातम्यांत हे दोन आकडे दिसले की कोण कुणाला अडवतोय ते लगेच कळतं.

पैसा हा शेवटचा धागा. जकात नगरपालिकांतून 1999 मध्येच गेली. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि बांधकामांवरचं विकास शुल्क. विकास शुल्क तेजीत येतं, मंदीत आटतं. मोठं काम म्हणजे राज्याचं अनुदान: नगरोत्थान, दलित वस्ती सुधारणा, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचा निधी. हे अनुदान आमदाराच्या पत्राने येतं, म्हणून नगरसेवकापेक्षा आमदाराच्या कार्यालयात गर्दी जास्त. बदलापूरचा तिढा असा की शहर अंबरनाथ तालुक्यात, पण विधानसभेला मुरबाडमध्ये. मुरबाड मतदारसंघात एका बाजूला घाटापर्यंतची आदिवासी खेडी आणि दुसऱ्या टोकाला हे लोकलवर जगणारं शहर. किसन कथोरे 2009 पासून इथले आमदार, आधी राष्ट्रवादीतून, 2014 पासून भाजपमधून. लोकसभेला बदलापूर भिवंडीत. 2014 आणि 2019 मध्ये कपिल पाटील, 2024 मध्ये सुरेश म्हात्रे. पालिकेतल्या रस्त्याच्या कामाचं श्रेय कोणाचं, या फलकयुद्धामागे हीच रचना आहे: काम नगरपरिषदेचं, पैसा राज्याचा, पत्र आमदाराचं.

राहिली महानगरपालिका. एकदा तो प्रयोग झालेला आहे. 1 ऑक्टोबर 1983 ला कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा डोंबिवलीबरोबर अंबरनाथ आणि बदलापूरही तिच्यात होतं. 1992 मध्ये दोन्ही बाहेर पडली आणि स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या. कल्याणहून शेवटच्या टोकापर्यंत पैसा आणि लक्ष पोचत नाही, ही तेव्हाची तक्रार. त्यामुळे "मोठ्यात गेलो तर विकास होईल" या वाक्यावर जुन्या बदलापूरकरांचा सहज विश्वास बसत नाही.

आज कायद्याचा उंबरठा 3 लाखांचा. 2011 च्या आकड्याने एकटं बदलापूर तो ओलांडत नाही. अंबरनाथ आणि बदलापूर मिळून 4,27,701, म्हणजे ओलांडतात. म्हणून दर वेळी प्रस्ताव संयुक्त महानगरपालिकेचा येतो, आणि दर वेळी मुख्यालय कुठे, नाव कोणाचं, आरक्षणं कशी, यावर अडतो. पनवेलचं उदाहरण देतात. तिथेही 2011 मध्ये नगरपरिषदेची लोकसंख्या 1.80 लाखच होती, जवळपास बदलापूरएवढी. पण 2016 मध्ये भोवतालची 29 गावं, त्यांत सिडकोच्या वसाहती, जोडून ती 5 लाखांवर नेली. बदलापूरभोवती अशी भरलेली नियोजित वसाहत नाही. आहेत ती खेडी, आणि त्यांना शहरी घरपट्टी नको आहे. शिवाय महानगरपालिका झाली की राज्याच्या अनुदानावरची भिस्त कमी करून स्वतःच्या करांवर उभं राहावं लागतं. तो करवाढीचा ठराव कोण मांडणार?

तूर्त प्रश्न मिटल्यातच जमा आहे, वेगळ्याच कारणाने. जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी 31 डिसेंबर 2025 ला गोठवल्या गेल्या आणि 31 मार्च 2027 पर्यंत त्या हलवता येत नाहीत. कोणत्याही गावाचा समावेश, वगळणी किंवा नवी महानगरपालिका त्यानंतरच. तोवर मोजणीला येणाऱ्या प्रगणकाला बंद दार दिसणार नाही, एवढी काळजी सोसायट्यांनी घ्यावी. सगळं घर सकाळी सातच्या लोकलला गेलेलं असतं, आणि इथे मोजणी चुकते ती बहुधा त्यानेच.